सातव्या दिवसाचा दगड

सुरुंगवाल्या म्हाताऱ्याच्या घरात रविवारी शेगडी सोडली तर कुठलंच काम चालत नसे. उभा जन्म खाणीत गेला, एक कान गेला, डाव्या हाताची करंगळी गेली, पण रविवारी त्याने कधी वातीला काडी लावली नाही. देवाने सहा दिवस खपून जग केलं आणि सातव्या दिवशी हात झटकून बसला, मग आपण कोण टिकोजीराव लागून गेलो? असा सरळ हिशोब.

अशा घरात, आणि तेही रविवारी, लेकीने पसंत केलेला मुलगा खांद्यावर जड पिशवी घेऊन आला.

"काय रे त्यात?"

"दगड आहेत, बाबा."

"दगड? माझ्या घरी? माशाला पाणी पाजायला निघालास की तू!"

मुलगा भूगर्भ खात्यात होता. डोंगर कधी झाला, पाणी किती खोल आहे, हे सांगायचा पगार घ्यायचा. म्हातारा त्याला दगडमास्तर म्हणायचा, तेही तोंडावर. लग्नाला होकार हवा तर पृथ्वी सहा दिवसांत झाली हे कबूल कर, एवढी एकच अट त्याने घातली होती. मुलाला खोटं बोलवेना. लेकीला बापाच्या होकाराशिवाय पाऊल उचलवेना. शेवटी डोकं खाजवून खाजवून मुलाने एक तोडगा काढला होता, तो या पिशवीत होता.

त्याने टेबलावर ओळीने सहा दगड मांडले.

"बाबा, तुमचंही खरं आणि आमचंही खरं. बायबलातला एक दिवस म्हणजे एक युग. लाखो, करोडो वर्षांचं. हा पहिला दिवस, हा काळा दगड. तुमच्याच खाणीतला आहे."

"ओळखतो मी त्याला. पुढे बोल."

"हा तिसरा. बघा, यात पानाचा ठसा आहे. झाडंझुडपं. आणि हा चौथा..."

"चौथ्या दिवशी देवाने सूर्य केला," म्हातारा म्हणाला. "त्याचा दगड कुठून पैदा केलास?"

मुलगा जरा चाचरला. "तेव्हा ना बाबा, आधी सगळीकडे दाट ढग होते. चौथ्या युगात ते विरले, मग सूर्य दिसायला लागला."

"म्हणजे देवाने सूर्य केला नाही. नुसता पडदा सारला."

म्हातारी शेगडीपाशी खुदकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. लेकीने मुलाकडे डोळे वटारले, की पुढे चल.

तो पुढे चालला. पाचवा दगड शिंपल्यांचा, सहावा हाडाचा तुकडा. सांगून झालं तसा हात पुसत उभा राहिला, मोठं गणित सोडवल्यासारखा.

म्हाताऱ्याने सहाही दगड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्याहाळले.

"सातवा कुठाय?"

"सातव्या दिवशी... काही घडलं नाही ना बाबा. विश्रांती होती."

"काही घडलं नाही?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला. "अरे दीडशहाण्या, माझ्या घरात जे काय घडलं ते सातव्या दिवशीच घडलंय! मोठ्या रस्त्याचं काम आलं. मालक म्हणाला, रविवारीही सुरुंग लाव. मी म्हटलं, नाही लावणार. हाकललं मला. मग आसपासच्या एकाही खाणीने दारात उभं केलं नाही. हिने शिवणाचं मशीन विकलं. ही तुझी होणारी बायको, हिची वर्षभर शाळा बुडाली, लोकांची भांडी घासली हिने. कशासाठी? एका दिवसासाठी! सूर्य उगवतो आणि मावळतो, त्या दिवसासाठी. आणि तू सांगतोस तो दिवस नव्हताच, लाखो वर्षं होती? मग लाखो वर्षं काम करून मी एकदाच सुट्टी घ्यायला हवी होती की रे!"

"बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुला कसंच म्हणायचं नव्हतं! तुझे पाय दोन दगडांवर. मला चूक म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांचा राग नाही येत. तू मला बरोबर म्हणतोस, आणि मी बोललोच नाही ते माझ्या तोंडी घालतोस. उचल हे धोंडे!"

मुलाने लेकीकडे बघितलं. ही आता सावरून घेईल असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

"माझ्याकडे काय बघतोस? उत्तर दे त्यांना," ती म्हणाली. "भांडी मी घासलीत. मलाही ऐकायचंय."

मुलगा खाली बसला. पानाच्या ठशाचा दगड त्याने बाजूला सारला.

"बायबलात दिवस म्हणजे दिवसच आहे," तो म्हणाला. "लिहिणाऱ्याला तेच म्हणायचं होतं. आणि पृथ्वी तशी झाली नाही. तुमचं चुकतंय, बाबा. साफ चुकतंय."

"मग हे युगाचं पुराण कशाला?"

"तुम्ही हो म्हणावं म्हणून."

म्हाताऱ्याने चहाचा कप तोंडाला लावला, गार झालेला सगळा चहा पिऊन टाकला.

"आत्ता कुठे एका दगडावर उभा राहिलास. दगड चुकीचा निवडलास, ती गोष्ट वेगळी." मग लेकीकडे वळून म्हणाला, "कर याच्याशी लग्न. मला हा आवडलेला नाही, सांगून ठेवतो. पण सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी माणूस कुठे उभा आहे ते मला दिसावं लागतं. ते आता दिसलं."

"झालं तुमचं?" लेक म्हणाली. "आता माझं ऐका. लग्न रविवारी."

"रविवारी कर. मी येईन, बसेन."

"बसायचं नाही. अंगणात खुर्च्या तुम्ही मांडायच्या, सगळ्या. माझं वर्ष गेलं बाबा तुमच्या या दिवसापायी. त्यातला एक दिवस मला परत द्या."

म्हातारीच्या हातातला चमचा थांबला. दगडमास्तराने हळूच आपला काळा दगड पिशवीत टाकला, जणू तोच कुणाच्या डोक्यात बसणार होता.

दाराकडे बघत म्हातारा म्हणाला, "खुर्च्या शनिवारी मांडून ठेवीन."

"आणि रात्री पाऊस आला तर?"

"तर बसा भिजलेल्या खुर्चीवर."