ग्रेड कमी करून द्या, सर

येरिनला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मिळाला, आणि यापेक्षा नापास झाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

विद्यापीठाचा नियम साधा होता. सी प्लस किंवा त्याखाली गेलेला विषय पुन्हा घेता यायचा, आणि नवी ग्रेड लागली की जुनी पुसली जायची. बी मिळाला की दार बंद. फार्मसी कॉलेजं प्रवेश देताना विद्यापीठातल्या पहिल्या दोन वर्षांचे गुण चाळून बघत, आणि त्यांना सायन्सला ए लागे. फार्मसी प्रवेशाच्या क्लासच्या सल्लागार बाईंनी तिची गुणपत्रिका बघूनच नाक मुरडलं. जीवशास्त्रातला सी चालेल, तो पुन्हा घेऊन धुऊन काढता येईल, पण हा बी कुठे लपवणार? जा आणि कमी करून आण, असं त्यांनी बजावलं.

विषय पुन्हा घेणाऱ्यांना येरिन चोथा चघळणारे म्हणायची, आणि ग्रेड उतरवून मागणाऱ्यांना तर ती माणसातच धरत नसे. दोन दिवस ती घुसमटली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ग्रेडबद्दल तक्रार करायच्या शेवटच्या दिवशी, पाचची मुदत संपायच्या आत, दुपारी प्रोफेसर प्यो यांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

रांगेतल्या निम्म्यांना ग्रेड वर हवी होती, निम्म्यांना खाली. एकजण घोकून आणलेलं वाक्य पुटपुटत होता, एकीनं सरांसाठी संत्र्यांची पेटी आणली होती. काय लाचार जात आहे, येरिनच्या मनात आलं. आपण यांच्यातले नाही याची तिला खात्री होती. कशाच्या जोरावर, देव जाणे. ती रांगेत सातवी होती.

प्यो सरांनी मान वर केली नाही. आधीच्या कुणाचं तरी संत्रं सोलत होते.

"वर की खाली?"

"खाली, सर. सी प्लस."

"फार्मसी?"

ती हो म्हणाली. सरांनी एक फोड तोंडात टाकली आणि सव्वीस वर्षांत आपण काय काय बघितलं ते सांगायला लागले. पूर्वीची मुलं बीसाठी रडायची, आता बी मिळाला म्हणून रडतात. रसायनशास्त्र कुणालाच नको आहे, सगळ्यांना फक्त दुकानातला पांढरा कोट हवा आहे. हे सगळं त्यांनी इतक्या थंडपणे सांगितलं की येरिनचे कान तापले. आणि वाईट म्हणजे, तिला ते पटत होतं.

मग त्यांनी यादी पुढे ओढली. "माझ्याकडे बीच्या जागा ठरलेल्या असतात, आणि मी एकही रिकामी ठेवत नाही. तू उतरलीस की तुझ्या खालचा चढणार. वाच."

तिच्या नावाखाली शिन सोदाम लिहिलं होतं.

सोदाम तिच्याच खोलीत राहायची, वर्षानं मोठी. तिलाही फार्मसीलाच जायचं होतं, आणि घरच्यांनी तिला हे शेवटचं वर्ष दिलं होतं. परवा सी प्लस बघून ती पलंगावर नाचली होती. आता उन्हाळ्यात पुन्हा घेते आणि ए काढते, म्हणून तिनं दोघींसाठी झणझणीत त्तोकबोक्की, तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वड्या, मागवली होती.

"ओळखतेस?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग उतरवू?"

"उतरवा."

त्यांनी संगणकाच्या दोन कळा दाबल्या आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "उद्या लोकांना औषधं देशील. चिठ्ठी तरी नीट वाचून दे, एवढीच कृपा कर."

येरिन खोलीवर पोचली तेव्हा साडेचार झाले होते. सोदाम मोबाईल धरून पलंगाच्या काठावर बसली होती. तिच्या अंगात कोट होता, पण एकाच बाहीत हात घातलेला.

"माझा बी झाला गं," ती म्हणाली. "मी अर्जसुद्धा केला नव्हता. आता पुन्हा घेताच येणार नाही. पाचपर्यंत सर असतील ना? जाऊन कमी करून मागू का? लाज वाटते. तू मागितलं असतंस?"

खरं बोलायची ही वेळ होती, आणि येरिनला ते कळत होतं. पण सोदाम तिथे गेली असती, तर सरांनी तिलाही यादी दाखवली असती, आणि तिच्या खालचं नाव आता येरिनचं होतं.

"छे," येरिन म्हणाली. "ग्रेड कमी करून मागत फिरणाऱ्यांची मला किळस येते, ताई. तू तसली नाहीस."

सोदामनं मोबाईल पलंगावर ठेवला. मग, खरं आहे तुझं, असं म्हणाली आणि कोट काढून खुंटीला अडकवला. येरिनला स्वतःची शिसारी आली. पाच वाजेपर्यंत ती पुस्तकात डोकं घालून बसली, आणि पाच वाजल्यावर चहा टाकायला उठली.