पात्याखालून बाहेर ये

वरच्या तळ्याचा बांध पाझरायला लागला होता, पाणी गोठ्याच्या दिशेनं सरकत होतं, आणि माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या पात्याखाली उताणा पडून माझी टिंगल करत होता. पाणी वळवायला चर काढायचा होता. जमीन सपाट करायला पातं सरळ लावलेलं होतं. चरासाठी ते तिरकं लागतं, म्हणजे एक टोक पुढे राहून माती कापत जातं. त्यासाठी पिन काढून पातं फिरवायचं आणि ती पुढच्या भोकात घालायची. पिन गंजून बसली होती. शहाणा ती खालून हातोड्यानं ठोकत होता.

पातं त्याच्या छातीपासून हातभर वर, नुसतं हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाच्या, भरवशावर लटकलेलं. खाली आधाराला एक लाकूडसुद्धा नाही. मी सीटवर मान वळवून बसले होते.

"बाहेर ये," मी म्हणाले. "खाली ओंडका लावू, मग ठोक."

"अगं ताई, इंजिन बंद आहे. बंद गाडीचं पातं कशाला पडतंय?"

"मला नाही माहीत. बाहेर ये."

"सासरी जाऊन भित्री झालीस. तू ओंडका शोधेपर्यंत गाई पोहायला लागतील."

ठक, ठक. प्रत्येक ठोक्याला पातं थरथरायचं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मी चालले. तुझं तू बघ."

आयुष्यात त्यानं मला कधी शेवटचा शब्द बोलू दिलेला नाही. "चालले म्हणजे? मग चालवणार कोण?" म्हणत तो सरपटत बाहेर आला, हातोडा हातात धरून, माझ्याशी भांडायला. मीही त्याच तिरमिरीत उजव्या बाजूनं खाली उडी मारली. कुर्त्याचं टोक सीटशेजारच्या, पातं वरखाली करायच्या लिव्हरला अडकलं आणि ती पुढे ओढली गेली.

पातं धाडकन खाली आलं. तो पडला होता तिथेच त्याची धार वीतभर चिखलात रुतली. इंजिन बंदच होतं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. काहीतरी करायचं म्हणून त्यानं पिनेला हात घातला. पात्याचं वजन जमिनीवर टेकलं होतं, त्यामुळे ती सहज निघाली. एरवी यावर तासभर हसलो असतो.

"मीच पाडलं असतं तुझ्यावर," मी म्हणाले.

"ताई, हिला सांगू नकोस." त्याचे ओठ पांढरे पडले होते. ही म्हणजे त्याची बायको. ती गोठ्यातून ओरडत होती, पाणी उंबऱ्याला लागलं म्हणून.

मी त्याचं मनगट धरलं होतं. कधी धरलं ते मला कळलंही नव्हतं.

"सोड ना. पाणी आत शिरतंय."

"शिरू दे," मी म्हणाले, आणि हात सोडला नाही.