कात्रीखाली आलेला दाखला

मी एक जमिनीचा दाखला आहे, मित्रांनो, पण मला घडी पडत नाही आणि वाळवीही लागत नाही. माझा जन्म नोंदणी कार्यालयातल्या संगणकावर झाला. तिथल्या अधिकारीबाईंनी मोजणी पडताळून डिजिटल सही केली आणि मी जगात आलो. त्या सहीचा मला फार तोरा आहे. माझ्यातले एक अक्षर जरी कुणी बदलले, तरी ती लगेच चुगली करते.

माझी मालकीण शिवणकाम करते. रस्त्याकडेची खोली आणि मागचे अंगण, एवढीच तिची जागा. नवऱ्याच्या पश्चात ती तिच्या नावावर झाली. पण जे हातात धरता येत नाही त्यावर भरवसा कसा ठेवायचा, हे तिला कळेना. म्हणून तिने माझी छापील प्रत काढून चौकटीत बसवायला घेतली. प्रत मोठी निघाली. तिने खालची काळी चौकोनी नक्षी जास्तीचा काठ समजून कात्रीने उडवली. माझ्यापर्यंत पोचायची वाट त्या नक्षीतच, म्हणजे क्यूआर कोडातच, होती.

पुढे तिचा धाकटा दीर कोर्टात गेला. सगळी जागा वडिलांच्या नावावर दाखवणारा, गोल शिक्क्याचा जुना कागद त्याच्याकडे होता. कागद खोटा नव्हता, शिळा होता, भावाभावांच्या वाटण्या होण्याआधीचा. त्याच्या वकिलांनी माझी प्रत पाहून नाक मुरडले. असा कागद कोणत्याही दुकानात छापून मिळतो आणि यावर पडताळायची खूणही नाही, असे ते म्हणाले. मालकिणीच्या मनात आले, खोली गेली तर शिलाई मशीन ठेवायचे कुठे?

प्रत अशीच मिळाली होती का, असे न्यायाधीशांनी विचारले. हो म्हणून मोकळे होणे सोपे होते.

"नाही साहेब," ती म्हणाली, "मीच कापली. चौकटीत मावत नव्हती."

कोर्टात खसखस पिकली. मला मात्र तिचा अभिमान वाटला, अगदी माझ्या सहीपेक्षाही जास्त. तुकड्याचे काय केले, असे विचारल्यावर ती म्हणाली, "घरी असेल. मी चिंधीसुद्धा टाकत नाही."

पुढच्या तारखेला ती बटणांचा डबा घेऊनच आली. त्यातला तुकडा प्रतीला बरोबर जुळला. कारकुनांनी नक्षी वाचून घेतली आणि मी न्यायाधीशांसमोरच्या पडद्यावर सहीसकट उभा राहिलो. सही तपासली, ती जशीच्या तशी होती. न्यायाधीशांनी सांगितले, की पुरावा म्हणून कार्यालयातली सही केलेली नोंदच धरायची. ती आजची आहे, जुना कागद कालचा. खोली वाचली.

बाहेर दीर म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुमच्याकडे नुसता छापलेला कागद आहे."

"मलाही तसंच वाटत होतं, भावजी."

मित्रांनो, आम्हाला जपायला तिजोरी लागत नाही. फक्त आमची खूण कापू नका, आणि जागेची नोंद बदलली की जुन्या कागदावर विसंबू नका.

मालकिणीने नवी प्रत मात्र काढली नाही. चौकट मोठी करून घेतली आणि तो तुकडा प्रतीला मशीनवर शिवून टाकला, दुहेरी टीप मारून, नक्षीला सुई लागू न देता.