चांगल्या कानाची बाजू

बायडाबाईंचा हात पदराकडे गेलाच नाही.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आमचे हे कोपऱ्यात, रंगांच्या कपाटाला टेकून. बायडाबाई खोलीच्या मधोमध आणि त्यांच्यासमोर त्यांचा नवरा. हंबीरराव पैलवान. जाऊन दीड वर्ष झालेला माणूस साडेतीन फुटी तैलचित्रात उघड्या अंगानं, पीळदार मिशांनी उभा होता. राधानगरीच्या पलीकडच्या वाडीतून पहाटेची एस्टी धरून बाई हे चित्र बघायला आल्या होत्या. दुपारी चार वाजता तालमीच्या नव्या हॉलात त्याचं अनावरण होतं.

"बगा की वैनी," खुर्चीत बसलेले ज्ञानू वस्ताद म्हणाले. पेठेतल्या तालमीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "आता बोलंल असं वाटतंय का न्हाई?"

बायडाबाईंनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

चांगलं हाय! पाव्हण्यांकडची अळणी आमटीसुद्धा माणूस एवढ्याच शब्दांत गिळतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली होती.

पदराचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. आमचे हे चन्नाप्पा पेंटर, मूळचे कुरुंदवाडचे. गेलेल्या माणसांची चित्रं करण्यात सगळी हयात गेली. चित्र झालं की घरच्या बाईला बोलवायचं आणि आपण कोपऱ्यात उभं राहायचं. 'कसं झालंय' हे एका अक्षरानं विचारायचं नाही. बाईच्या हाताकडे बघायचं फक्त. तिचा हात आपसूक उठला, नवऱ्यासमोर घ्यावा तसा तिनं डोक्यावर पदर घेतला, की चित्र पास. नाहीतर बाकीच्यांनी कितीही वाहवा करू दे, चित्र नापास. ह्यांच्याबरोबर शिकलेला एकजण मुंबईला जाऊन मोठा झाला. तो एकदा गाडीतून आला आणि म्हणाला, "चन्ना, तू हितं कुजलास." हे हसून म्हणाले, "माझं गिऱ्हाईक पदर घेतंय बाबा. तुझं काय घेतंय?" मी तेव्हा आत कपाळाला हात लावला होता. पदरावर का संसार चालतो?

"तीनला टेम्पो घिऊन येतो," वस्ताद उठले. "चारला सायेब येणार. आण्णा, आज समद्यांनी बगू दे, मग उरलेली अकरा बी तुमचीच. अकरा मल्ल! हॉल भरून टाकू."

ते गेले. त्या अकरा चित्रांवर माझा किती जीव होता ते मलाच ठाऊक. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. ह्यांना साठी जवळ आलेली. दुकानांच्या पाट्या रंगवायला शिडीवर चढताना ह्यांचे पाय लटपटायचे, ते मी खालून बघत असे. अकरा चित्रं म्हणजे शिडी सुटली. तीन महिने मी हेच घोकत होते.

वस्तादांची पाठ वळल्यावर ह्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. विचारलं.

"काय चुकलंय?"

"काय न्हाई वो आण्णा." बायडाबाई ओशाळल्या. "त्येच की हे. मिशा त्येच, डोळं त्येच. पर... कसं सांगू? चुलतभावाकडं बगतोय असं वाटतंय."

मी म्हटलं, आधी चहा घ्या, निवतोय. बायडाबाई कप घ्यायला माझ्याकडे वळल्या आणि वळता वळता थबकल्या.

माझ्या बाजूच्या भिंतीवर आरसा होता. माझा आरसा. रुखवतात आलेला, शिसवी चौकटीचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी तो उचलून या खोलीत नेला, आणि मी गेली सत्तावीस वर्षं वीतभर आरशात वेणी घालतेय. चित्र आरशात उलटं बघितलं की चुका दिसतात म्हणे. रोजचा नेम ठरलेला. पहाटे अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती. पहिला फटकारा मारल्याशिवाय चहा नाही. अकरा वाजता उन्हं फिरली की ब्रश खाली ठेवायचा आणि चित्राकडे पाठ करून अर्धा तास आरशात बघत बसायचं. मी जेवायला हाका मारून थकायची.

त्या आरशात बायडाबाई बघत होत्या. त्यांचा हात उठला. पदर कानामागून पुढे आला आणि डोकं झाकलं गेलं. त्यांना स्वतःला ते कळलंसुद्धा नसावं.

"ह्ये बगा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्ये आमचं मालक."

हे कोपऱ्यातून पुढे आले.

"कान," त्या म्हणाल्या. "मालकांचा कुस्तीत मोडलेला कान उजवा. चित्रात तुमी डावा काढलाय. त्या मोडक्या कानानं त्यास्नी काय बी ऐकाय यायचं न्हाई. लगीन झाल्यापास्नं मी त्यांच्या डाव्या अंगाला. बसताना, चालताना, समदीकडं. पोरगी आजारी हाय, म्हस आटली, काय बी सांगायचं झालं तर चांगल्या कानाच्या बाजूला जायाचं. मला कसं चुकंल?"

ह्यांनी टेबलावरचा फोटो उचलला. वस्तादांनी दिलेला, कुठल्याशा जुन्या स्टुडिओनं मोठा करून दिलेला. उघड्या अंगाचा पैलवान, ना खिसा, ना बटण, ना पाटीवरचं अक्षर. मोठा करताना निगेटिव्ह उलटी घातली गेली आणि उजव्याचं डावं झालं, हे सांगणारी एकही खूण त्यात नव्हती. ह्यांनी फोटो आरशासमोर धरला आणि हे स्टुलावर बसले.

"तीन म्हैनं, रत्नव्वा," हे मला म्हणाले. "रोज बगत हुतो. रोज वाटायचं, आरशातलं बरं दिसतंय. म्हटलं, डोळं दमल्यात. चित्र सांगत हुतं आणि मी ऐकत न्हवतो."

"फोटोच चुकीचा, त्यात तुमचा काय दोष?"

"माझाच. दर खेपंला माणसाच्या घरी जाऊन बसतो का न्हाई मी? औंदा न्हाई गेलो. पाऊस हुता, वस्तादांची घाई हुती, आणि अकराची हाव हुती."

हाव माझी होती. ह्यांनी ती आपल्या नावावर घेतली, त्याचाच मला जास्त राग आला.

"मग आता काय करणार?" मी ओरडलेच. "कान बदला की पटदिशी! सहा तास हाईत."

"नुसता कान न्हाई गं. समदा चेहराच उलटा हाय. भुवई, नाकाचा कल, हसू."

"मग जाऊ दे हाय तसं! वस्तादास्नी कळलं का? तालमीत कुणाला कळलं का? कोण बगतंय उजवा का डावा!"

"ती बगती," हे म्हणाले.

बायडाबाई कप तसाच धरून उभ्या होत्या. "आण्णा, माझ्यापायी नुकसान करून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी काय, सांजच्या गाडीनं जाणार. म्हस व्यायला झालीया. मी कवा परत येतोय तालमीत बगायला?"

"म्हणूनच," हे म्हणाले आणि उठले.

ह्यांनी जाड कागदाचा गुंडाळा काढला, चौकटीच्या मापानं कापला, फळीवर ठोकला. मग स्टूल उचलून आरशासमोर ठेवलं आणि स्वतःच्या तीन महिन्यांच्या चित्राकडे पाठ करून बसले. हातात कोळशाची कांडी. बायडाबाईंना शेजारी बसवलं.

"बोलत ऱ्हावा," म्हणाले. "कसं हसायचं ते सांगा. राग आला की काय करायचं ते सांगा."

घड्याळात नऊ वाजून गेले होते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. चांगली दणादणा आपटली. भाकऱ्या थापता थापता त्यांचं बोलणं कानावर येत होतं. राग आला की पैलवान बोलायचे नाहीत, गोठ्यात जाऊन म्हशीला घासत बसायचे. हसताना आधी डावा गाल हलायचा. कुस्ती हरले तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते आणि कान मोडला तेव्हा हसत घरी आले होते, कारण ती कुस्ती जिंकली होती. मी दाराशी जाऊन बघितलं. कागदावर डोळे उमटले होते. बाराला तोंड झालं. एकाला, हसू जमलं नाही म्हणून, ह्यांनी ते सगळं तोंड फडक्यानं पुसून टाकलं.

"अहो, येळ बगा!"

"बगितला," म्हणाले, वर न बघता.

दोन वाजले. भाकरीला कुणी हात लावला नव्हता. ह्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती आणि तिच्यात कोळसा मिसळला होता. हात दमला की हे उजवं मनगट डाव्या हातात धरायचे. बायडाबाईंचं बोलणं आता थांबलं होतं. त्या नुसत्या कागदाकडे बघत होत्या. मी ताकाचा पेला ह्यांच्या तोंडाला लावला, लहान पोराला लावतात तसा, आणि हे मुकाट्यानं प्यायले. तेवढ्यात माझा राग कुठे गेला देव जाणे.

पावणेतीनला हे उठले. चौकटीतून तैलचित्र काढलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि कागद चौकटीत बसवला. काच नव्हती.

टेम्पोचा हॉर्न वाजला. ज्ञानू वस्ताद आणि दोन दांडगे पैलवान आत आले. वस्तादांनी चौकटीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज सगळ्या बोळात घुमला.

"ह्ये काय? आण्णा, चेष्टा लावलीया व्हय? रंगीत चित्र कुठाय?"

ह्यांनी सांगितलं. फोटो, निगेटिव्ह, कान. वस्ताद ऐकता ऐकता तांबडे झाले.

"कानाचं घिऊन बसलाय? सायेब येणार, पेपरवालं येणार, आणि मी काय कोळशाचं काळं दावू? रंगीत चित्र ठरलं हुतं."

"दोन म्हैनं द्या. नवीन करून देतो. रंगाचे पैसे बी नकोत."

"आज पायजे मला! आज!" वस्तादांना भिंतीशी ठेवलेलं चित्र दिसलं. "त्ये उचला रं पोरांनो."

पैलवान पुढे झाले. हे त्या चित्राला आडवे उभे राहिले. साठीला टेकलेला काटकुळा माणूस, त्या पोरांनी फुंकर मारली असती तरी पडला असता. मी ह्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"ज्ञानू," मी म्हटलं. वस्ताद तिसरीत माझ्या हाताखाली शिकला होता. "हात लाव बघू चित्राला."

"बाई, तुमी मधी पडू नका."

"माझ्या घरातलं चित्र हाय. न्यायचं तर ती चौकट न्या. न्हाईतर मोकळ्या हातानं जावा."

वस्ताद माझ्याकडे, मग बायडाबाईंकडे बघत राहिले. बायडाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "भावजी, चौकटीतलं खरं हाय."

"अकराचं इसरा मग," वस्ताद ह्यांना म्हणाले. "दुसऱ्या पेंटरला दितो. रंगीत काढणाऱ्याला."

"द्या," हे म्हणाले. "फक्त हाताळू नका. कोळसा पुसतोय."

अनावरण झालं. साहेबांनी दोरी ओढली, भगवा पडदा सरकला आणि आत काळा-पांढरा कागद बघून हॉलात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "रंग संपला वाटतं पेंटरचा." दोघं-तिघं हसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनी वाजवल्या. भाषणात ह्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो. ह्यांच्या नखांत कोळसा तसाच होता. खोटं कशाला बोलू, मला अकरा चित्रं दिसत होती आणि शिडी दिसत होती.

हार घालून झाले. माणसं चहाकडे वळली, खुर्च्या सरकल्या, हॉल बराचसा रिकामा झाला. तेव्हा बायडाबाई उठल्या. पिशवी काखेत घेतली. चित्रासमोर आल्या, तसा हात आपसूक वर गेला. पदर डोक्यावर आला.

मी ह्यांच्या दंडाला धरलं. पण हे बघतच होते.

बायडाबाई चित्रासमोर थांबल्या नाहीत. वळसा घालून चौकटीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, चांगल्या कानाच्या बाजूला. चवड्यावर उंच झाल्या. कोळसा पुसेल म्हणून हात पाठीमागे धरले.

"येतो मी," त्या म्हणाल्या. "एस्टीची येळ झाली. म्हस आज-उद्या व्यायची."

जराशा थांबल्या, उत्तराला लागतो तेवढा वेळ. मग पदर सारखा केला आणि दाराकडे निघाल्या.

हे उठले. "चल," मला म्हणाले, "त्यास्नी स्टँडवर सोडू या. पिशवी जड दिसतीया."

मी पिशवी घेतली. बायडाबाई सवयीनं ह्यांच्या डाव्या अंगाला चालू लागल्या, म्हणून मी उजव्या अंगाला गेले.