तिसरा फेरा

"तीन फेरे. डावीकडे. रोज, न चुकता." मास्तरांनी वहीचं पान उलटलं आणि चष्म्याच्या वरून सभेकडे पाहिलं. "सलग बावीस दिवसांची नोंद आहे माझ्याकडे. टाकी सोडली की दहा मिनिटांनी हे आपल्याच आळीच्या खड्ड्यात चावी घालतात आणि तीन फेरे डावीकडे फिरवतात. पाणी बंद झालं की तीन फेरे परत उजवीकडे. याचा अर्थ मी सांगायला नको."

सांगायला खरंच नको होता. नळ असो नाहीतर बाटलीचं झाकण, डावीकडे फिरवलं की उघडतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पंचायतीच्या त्या एवढ्याशा खोलीत चाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. दाराशी चावीकाका उभे होते. एकतीस वर्षं प्रत्येक सभेला ते तिथेच उभे राहत आले होते. बसा म्हटलं तरी बसत नसत. कुठे पाइप फुटल्याचा निरोप आला तर उठण्यात वेळ जायला नको, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठे उरलं नव्हतं. हातात कायम ती छातीएवढी उंच लोखंडी चावी, म्हणून चावीकाका. गावात पाच आळ्या. प्रत्येक आळीच्या तोंडाशी रस्त्यात एक खड्डा, वर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व्ह. सकाळी सहाला टेकडीवरची टाकी सोडायची, सातला बंद करायची आणि त्या तासाभरात पाचही आळ्यांना सारखं पाणी पोचवायचं, एवढंच काम. 'एवढंच' म्हणणाऱ्याने एक उन्हाळा ते करून पाहावं. वरच्या आळीत भांडण झालं तरी शिव्या यांना, खालच्या आळीत घागर फुटली तरी यांनाच. या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि आजच्या सभेत सहावा विषय त्यांच्या निरोपाचा होता. मास्तर उठले ते पाचवा विषय संपल्या संपल्या. "सहाव्याआधी मला बोलायचंय," म्हणाले.

मास्तर माणूस वाईट नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मोजायला पोरं उरली नाहीत, म्हणून ते खिडकीतून दिसेल ते मोजत. त्यांच्या माडीच्या खिडकीतून नेमका खालच्या, म्हणजे काकांच्याच आळीचा खड्डा दिसायचा.

"वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत हसू पसरलं.

सरपंचबाईंनी हात वर केला. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण सभा कशी आवरायची ते त्यांना येत होतं. "काका, तुम्ही बोला."

काकांचे कान तापले होते. एकतीस वर्षांत त्यांना कामचुकार म्हणून झालं होतं, बहिरा म्हणून झालं होतं, एकदा तर एका बाईने अंगावर रिकामी बादली फेकली होती. पण पाण्यात हात मारला असं आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्यांना इथून घरी न्यायची होती.

"आमच्या आळीचा व्हॉल्व्ह उलटा आहे," ते म्हणाले. "डावीकडे फिरवला की बंद होतो."

आता मात्र खोली मोकळेपणाने हसली.

"पाचांतला नेमका तुमचाच उलटा?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. गणितातली पायरी गाळलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

"माझ्याच हातचा आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. पाइप फुटला, नवा व्हॉल्व्ह मिळेना, म्हणून बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून आणला. घाईत न तपासता बसवला. नंतर कळलं आटे उलटे आहेत. लाज वाटली. कुणाला बोललो नाही. आणि चालत होता, मग चालू दिला."

"काका, कागद काही आहे का याचा?" क्लार्कने विचारलं.

"स्वतःच्या चुकीचा कागद कोण करतो?"

यावर हसणारे थोडे कमी झाले. काकांनी चावी या हातातून त्या हातात घेतली. "बाई, माझं एक ऐका. उद्या सकाळी पाणी मोजा. पाचही आळ्यांच्या शेवटच्या नळाला एकच बादली लावा. घड्याळ लावा. मास्तरांनाच घ्या बरोबर. माझा निरोप मग बघू."

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणत लोक घरी गेले. डर काकांना होती, पण ती मास्तरांना ठाऊक नव्हती.

घरी बायकोने ताट वाढलं. सभेतली गोष्ट त्यांच्याआधीच घरी पोचली होती.

"मोजू देत की," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं," ती म्हणाली आणि उठून गेली. एकतीस वर्षं या घरात पाण्याबद्दल एवढंच बोलणं होत आलं होतं.

ती गोष्ट अशी होती. खालची आळी उताराच्या टोकाला. पाण्याला उतार दिसला की ते कुणाचं ऐकत नाही. टाकी सोडली की आधी सगळं खालीच धावायचं आणि वरच्या आळीचे नळ नुसते फुसफुसायचे. म्हणून आधी दहा मिनिटं पाइपातली हवा निघू द्यायची आणि मग खालच्या आळीचा व्हॉल्व्ह आवळायचा. दोन फेरे आवळला की पाच आळ्यांना बरोबर सारखं पाणी. काकांनी स्वतः पहिल्या वर्षी बादली लावून पाहिलं होतं. पण त्याच वर्षी टपरीवर कुणीतरी म्हणालं, पाणीवाल्याच्या आळीला काय कमी. काकांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनाऐवजी तीन फेरे आवळले, आणि तो तिसरा फेरा तसाच राहिला. दोन फेरे गावासाठी होते. तिसरा त्यांच्या नावासाठी होता. आणि त्या नावासाठी आळीतल्या अठरा घरांच्या घागरी एकतीस वर्षं कमी भरत होत्या, हे उद्या घड्याळात दिसणार होतं.

सकाळी सहाला त्यांनी टाकी सोडली. सहा दहाला खालच्या आळीच्या खड्ड्याचं झाकण सरकवलं. वर माडीच्या खिडकीत आज कुणी नव्हतं. मास्तर, सरपंचबाई आणि क्लार्क बादली घेऊन वरच्या आळीत गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

एक फेरा. दोन फेरे. चावी थांबली.

इथेच थांबलं तर सगळं सरळ होतं. पाच बादल्या सारख्या भरतील, मास्तर वही मिटतील, आळीला कधीच काही कळणार नाही. चोरी नाही, लबाडी नाही, उलट आज पहिल्यांदा ज्याचं त्याला मिळेल. काकांनी चावीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि ते नुसते उभे राहिले. मग त्यांना वाटलं, मोजायचं ते रोजचंच मोजलं पाहिजे. आज दोनावर थांबलो तर एकतीस वर्षांत खोटेपणाचा हा एकच दिवस होईल, आणि नेमका तोच कागदावर चढेल. त्यांनी तिसरा फेरा दिला आणि झाकण बसवलं.

वरच्या आळीत बादली पन्नास सेकंदांत भरली. मधल्या तिन्हींत एकोणपन्नास, एकावन्न, पन्नास. आकडे लिहिताना मास्तरांच्या भुवया चढत गेल्या. सारखं वाटप म्हणतात ते इतकं सारखं त्यांनी शाळेत खडू वाटतानाही कधी पाहिलं नव्हतं. मागे माणसं जमत गेली आणि खालच्या आळीच्या टोकाला पोचेपर्यंत तीस-चाळीस झाली. शेवटचा नळ काकांच्याच अंगणातला. बायको घागर बाजूला घेऊन उभी राहिली. आळीतल्या बायाही आपापले नळ सोडून आल्या.

क्लार्कने बादली लावली. पन्नास सेकंद झाले तेव्हा ती अर्ध्याच्या जरा वर होती. साठ झाले, सत्तर झाले. धार करंगळीएवढी, पण एका लयीत पडत होती. काठापर्यंत पाणी आलं तेव्हा मास्तरांनी घड्याळ दाबलं. एक मिनिट वीस सेकंद.

मास्तरांनी आकडा लिहिला. मग वहीची ती बावीस दिवसांची पानं शांतपणे फाडली, घडी करून खिशात घातली. "चुकलो मी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चावीवाले, मला माफ करा." आणि माणूस मास्तरच असल्यामुळे पुढे म्हणाले, "पण मग हे कमी का? सारखं का नाही?"

काकांना हाच प्रश्न नको होता. त्यांनी आळीतल्या बायांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"सारखं द्यायला दोन फेरे पुरतात," ते म्हणाले. "मी तीन देतो. सारखं दिलं असतं तरी लोकांना ते जास्तच दिसलं असतं. माझ्यावर बोट यायला नको, म्हणून मी आमच्या लोकांचं पाणी आवळलं. हा माझा गुन्हा आहे. मास्तरांनी धरला तो नव्हे, हा. आळीने मला काय बोलायचं ते बोलावं."

मग शेजारची शिंपीणबाई पुढे आली. आळीत तिच्या जिभेला सगळे टरकून असत. कात्री एक वेळ बोथट होईल, पण ती नाही.

"भाऊ, आम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. "काय ठाऊक आहे?"

"तिसरा फेरा. धार बारीक झाली तशी वहिनींनी खड्ड्यावर तुमचे फेरे मोजले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या घरोघर आल्या. अठराच्या अठरा दारं. म्हणाल्या, यांनी आपलं पाणी थोडं जास्त आवळलंय, लोकांच्या तोंडाला भिऊन. कुणा एका घराची जरी ना असेल तर आत्ता सांगा, मी यांना सोडायला लावते."

"आणि कुणी ना म्हटलं नाही?" सरपंचबाईंनी विचारलं.

"मी म्हणणार होते," शिंपीणबाई म्हणाली. "दोन वर्षं मी वहिनींशी धड बोलले नव्हते. माझ्याकडे तेव्हा दोन तान्ही पोरं, पाणी मला काय कमी लागत होतं? पण मग तो मोठा दुष्काळी उन्हाळा आला. प्रत्येक आळी दुसऱ्या आळीला चोर म्हणत होती, डोकी फुटली. आमच्या आळीकडे मात्र एक माणूस बोट दाखवायला आला नाही. तेव्हा मीच वहिनींना जाऊन सांगितलं, राहू द्या तो फेरा. आमचं पण नाव आहे त्यात."

काका बायकोकडे वळले. ती घागर कडेवर घेऊन नळाकडे बघत होती.

"मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" ती म्हणाली. "मला नाही कळायचं म्हणालात. मग म्हटलं, नाही कळत तर नाही कळत."

लोक हसले, पण कालच्यासारखे नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एकतीस वर्षं आपण एकट्याने मान ताठ ठेवली असं त्यांना वाटत होतं. ती अठरा घरांनी मिळून धरून ठेवली होती, आणि ती घरं हिने बांधून ठेवली होती. असा अभिमान त्यांना स्वतःबद्दल कधी वाटला नव्हता.

सरपंचबाईंनी सहावा विषय तिथेच, अंगणात घेतला. क्लार्क बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"लिहा," बाई म्हणाल्या. "उद्यापासून खालच्या आळीला इतर आळ्यांइतकंच पाणी देण्यात यावं. सूचक मी."

"अनुमोदन माझं," मास्तर म्हणाले.

"काकांच्या निरोपाबद्दल काय लिहू?" क्लार्कने विचारलं.

बाईंनी थोडा विचार केला. "मोजलेले पाच आकडे लिहा. आळीवार. त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसरं काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दोन फेरे दिले. तिसऱ्यासाठी हात आपोआप वळला, तो त्यांनी आवरला. ठरावच झाला होता. झाकण बसवून ते घरी आले तेव्हा साडेसहा वाजत होते आणि अंगणात बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. घागरी भरल्या होत्या. हंडा भरला होता, दोन्ही बादल्या, पातेली, आंघोळीचं पिंप, सगळं काठोकाठ. शेजारणींना हाक मारून झाली होती, त्यांचंही भरलं होतं. आणि नळ वाहत होता.

"बंद कर ना," काका म्हणाले.

"होत नाही."

काकांनी नळाची तोटी धरली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, फडकं गुंडाळून पाहिलं, पक्कड आणली. तोटी गंजून जागच्या जागी बसली होती. एकतीस वर्षांत ती बंद करायची वेळच आली नव्हती. भांडी भरायच्या आधी पाणीच जायचं. गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह ज्यांच्या हाताला ओळखत होता, ते काका आपल्या अंगणात उकिडवे बसून पक्कड हातात घेऊन त्या तोटीकडे बघत राहिले. कितीदा हिने अर्धी घागर घेऊन इथूनच आत पाऊल टाकलं असेल, तो हिशोब त्यांना मांडवेना.

"नवी बसवतो उद्या," ते शेवटी म्हणाले.

"बसवा. आज वाहू दे," ती म्हणाली आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकली. सात वाजेपर्यंत तिला काही काम नव्हतं.