वाडग्यातली वाइन

सोमवारपासून इंजिन चालू होतं, आणि सोमवारपासूनच ते सांभाळणाऱ्या आंसेल्मचा जीव थाऱ्यावर नव्हता. विमानाचा पंखा फिरवणारं हे टर्बाइन आज संध्याकाळपर्यंत न थांबता चाललं, तर हवाई मंत्रालयाची ऑर्डर पक्की. मध्ये एकदा जरी थांबलं तरी चाचणी बाद, आणि ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला. म्हणजे महायुद्धानंतरची सगळी मेहनत पाण्यात.

आणि हे पठ्ठे खुशाल जेवायला बसले होते! पिरेनीज डोंगरांच्या या पायथ्याशी दुपारचे बारा वाजले की साक्षात देव आला तरी त्याला ताटकळावं लागतं. इंजिनापाशी एकटा गास्तों, बाकी सगळे भिंतीपलीकडे लांब टेबलावर. पॅरिसहून आलेले मंत्रालयाचे दुफ्रेन कारखान्याच्या मोठ्या साहेबांशेजारी, आंसेल्म बरोबर समोर.

"खुर्चीला खिळे आहेत का रे?" कोबीचं सूप वाढता वाढता खानावळीतली ओर्तांसबाई म्हणाली. "जरा स्वस्थ बस की."

"बसलोय ना, बाई."

बसलाय कसला! अर्धा जीव घासात, अर्धा पलीकडच्या घरघरीत. सूप तळाला आलं तशी त्यानं इकडच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांसारखी, वाडग्यातल्या उरल्यासुरल्या सुपातच लाल वाइन ओतली. उचलून तोंडाला लावायला हात पुढे केला आणि थबकला. वाइनवर बारीक बारीक तरंग उठत होते.

मागच्या हिवाळ्यात अश्शेच उठले होते. तेव्हा तो मुकाट्यानं पिऊन मोकळा झाला, आणि जेवण उरकायच्या आत इंजिन फुटून पाती भिंतीत घुसली. गास्तोंचा कान तेव्हाच गेला.

तो ताडकन उठला आणि धावत सुटला. "बंद कर, गास्तों."

"अहो दादा, मापकांचे काटे सगळे जागेवर आहेत."

"तेव्हाही होते." गास्तोंला बाजूला ढकलून आंसेल्मनं स्वतःच दांडा ओढला. घरघर उतरत उतरत विझली.

तो परतला तेव्हा टेबलावर कोणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. दुफ्रेननी हातरुमालाची घडी घातली होती.

"काय दिसलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"वाइन थरथरत होती साहेब. आता बघा, इंजिन थांबलं आणि तीही थांबली." सगळे वाकून बघू लागले. वाइन खरंच निश्चल होती. सुटलो एकदाचे, असं म्हणत आंसेल्म खुर्चीत बसला.

वाइनवर पुन्हा तरंग उठले.

ओर्तांसबाईनं शेजारी येऊन टेबलाखाली हात घातला आणि आंसेल्मच्या नाचणाऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"थांबव आता, पोरा," ती हळूच म्हणाली.