चार मतांनी गेलेली सत्तावीस नंबरची बस

मी लेटरबॉक्स बोलतोय. डबा नव्हे. दाराच्या मधोमध टपाल टाकायला पितळी फट असते ना, वर झडप लावलेली, तो मी. शाळा शिकलो नाही. अंगावरून जे कागद गेले तेवढंच माझं वाचन, आणि त्यातल्या निम्म्या पिझ्झाच्या जाहिराती.

लीड्सपासून तासाभरावरच्या एका लहानशा गावात नव्वद वर्षांमागं मला या दाराला ठोकलं. तेव्हा गल्लीत सगळे गिरणीतले लोक. मत म्हणजे लाल, मजूर पक्षाला. बापानं दिलं म्हणून पोरगा द्यायचा. हुजूर पक्षाचं निळं पत्रक आलं की सरळ शेगडीत. मग गिरणी बंद पडली आणि गल्ली बिथरली. कधी निळी, कधी तिसऱ्याच पक्षाची पिवळी. हल्ली नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, आणि पोरं मतदानाच्या दिवशी झोपलेली. प्रचाराला कुणीही येवो, हे दारात उभे राहून सांगणार, "हो, तुम्हालाच." तिघांनाही तेच. लाज नाही.

चाळीस वर्षांमागं इथं ज्ञानेश्वर डॉक्टर आणि मीनाक्षीबाई राहायला आले. डॉक्टर इथल्या हॉस्पिटलात होते. मराठी मी यांच्याकडूनच शिकलो. माणसं बरी. झडप हळू सोडतात.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांना पक्षाघात झाला. पलीकडच्या गावातल्या केअर होममध्ये ठेवलंय. दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड उघडत नाहीत. बाईंना गाडी चालवता येत नाही. रोज अकराला थर्मासमध्ये मऊ वरणभात घेऊन निघायच्या, सत्तावीस नंबरच्या बसनं. त्या गावाला जाणारी बस तेवढीच.

ती बस बंद करायचं कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, निघालं. दोन्ही बाजूंना माणसं सारखी, एक जागा रिकामी. त्या जागेची पोटनिवडणूक लागली आणि ब्रेंडा उभी राहिली. तीस वर्षं आमची पोस्टवाली. रंग नाही, पक्ष नाही. पत्रकावर एकच ओळ, बस ठेवा.

मतदानाची शाळा चढावर आणि बाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांचं मत टपालानं जातं. मतपत्रिका माझ्यातूनच आत आली. एरवी फॉर्म डॉक्टर भरायचे, बाई नुसती सही करायच्या. या वेळी पहिल्यांदाच एकट्यानं भरला. दोनदा वाचला, पाकीट चिकटवलं, स्वतः कोपऱ्यावर जाऊन टाकलं.

ब्रेंडा चार मतांनी पडली.

काही आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं. बाईंनी मुलाला, लंडनकडं हाउन्सलोत राहणाऱ्या क्षितिजला, फोन लावला. फोन नेहमी स्पीकरवर असतो, म्हणून मला कळलं.

"अरे, माझं मत धरलंच नाही म्हणतात. जन्मतारीख जुळत नाही."

"आई, काय लिहिलीस तू?"

"माझी. सतरा ऑक्टोबर."

"अगं, रजिस्टरवर फर्स्ट जून आहे. पासपोर्टवरची."

"ती गुरुजींनी घातलेली. शाळेत नाव घालताना सगळ्यांनाच एक जून. संजयमामाचीही तीच आहे, आणि तो काय माझा जुळा आहे?"

"मग बाबा लिहायचे तशी लिहायची ना."

"फॉर्मवर छापलंय, खोटी माहिती देणं गुन्हा आहे. मग खरी लिहिली."

  सत्तर वर्षांमागं एका मास्तरानं सोय बघितली आणि त्यापायी इथं मत बाद.

पण तेवढ्यानं बस जात नाही. चार मतं कमी पडली, बाईंचं एकच. आमच्या गल्लीत अकरा जण गेलेच नाहीत. मला इथून फाटकं दिसतात. समोरचा केव्हिन दिवसभर कुंपण रंगवत होता. शाळा पाच मिनिटांवर. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "माझ्या एका मतानं काय होणार आहे?" अरे, अकरा जणांनी हेच म्हटलं की काय होतं ते झालं.

सप्टेंबरात बस बंद झाली. टॅक्सी आठवड्यातून दोनदाच परवडते. बाकीचे दिवस डॉक्टर अर्धवट उपाशी. वजन उतरलं. शेवटी बाईंनी त्या गावात एक खोली बघितली आणि हे घर विकलं. चाळीस वर्षं. आता नवीन माणूस दार काढून प्लॅस्टिकचं बसवणार आहे, मोजून गेला परवा.

आज सकाळी सामान गेलं. केव्हिन पायरीवर आला, चेहरा पाडून.

"फार वाईट झालं. कुणी काही करतच नाही या गावात."

"तुम्ही तर मत दिलं असेल ना?" बाईंनी साधेपणानं विचारलं.

"दिलं तर. ब्रेंडालाच."

बाईंचे डोळे भरले. आत जाऊन चिवड्याचा शेवटचा डबा घेऊन आल्या आणि त्याच्या हातात ठेवला. "थँक यू, केव्हिन. तुमच्यासारखे आणखी चारपाच असते तर." आणि त्यानं घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

माझी स्प्रिंग कडक आहे, पत्रकं टाकणाऱ्यांची बोटं सोलवटलीत मी आजवर. पण याची बोटं माझ्यापर्यंत आलीच नाहीत.

मला काही मागायचं नाही. मला भंगारात टाकतील तर टाकू देत, पितळेला भाव आहे. तुम्हाला एवढंच सांगतो. लाल द्या, निळं द्या, कुणालाही द्या, पण उठून जा. आणि गेला नसाल तर निदान त्या बाईसमोर गेलो म्हणू नका. ती खरं मानते.